बायको अशी का वागते?

“मिशी कुठे गेली?” वेलांटीबाईंनी समासात लिहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवून मजकूर पुन्हा वाचला. मग पुढे लिहिलं, “भाग तीनमध्ये सोमवारी सकाळी नायकाला भरघोस मिशी आहे. भाग चारमध्ये त्याच संध्याकाळी बायको त्याच्या ओठांना रंग लावते, तेव्हा मिशी नाही. काढली कधी? आणि मंगळवारी तो तसाच कामावर गेला, तर तिथे एकालाही काही विचारावंसं वाटलं नाही? हे पटलं नाही. पुन्हा बघावं.”

वेलांटीबाई हे त्यांचं छापखान्यातलं नाव. बावीस वर्षं त्या एकाच छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ झालेली त्यांच्या नजरेतून सुटली, असं कधी झालं नाही. छापखाना बंद पडला तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. वर्षभर घरात बसून त्यांनी पुड्यांवरचे कागद तपासले. मग जुन्या ओळखीतल्या कोणीतरी हे काम मिळवून दिलं. मोबाइलवर क्रमशः कथा देणारी एक कंपनी होती. घरबसल्या काम, लॅपटॉप कंपनीचा. विभाग मात्र ‘प्रौढांसाठी’.

पहिल्या दिवशी बाईंचे कान लाल झाले. तिसऱ्या दिवशी त्यांना फक्त चुकलेले अनुस्वार दिसू लागले. सवय ही भलतीच गोष्ट आहे. पण नवऱ्याला काय सांगायचं? मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात तो तीस वर्षं काउंटरवर उभा होता. नाकासमोर चालणारा, मोजकं बोलणारा माणूस. बाईंनी सांगितलं, “परीक्षांची गाइडं तपासायला देतात.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “डोळे सांभाळ.”

कंपनीत कोणाला नाव नसे. लेखकांना क्रमांक, तपासणाऱ्यांना क्रमांक. बाई होत्या शोधक नऊ. मिशी हरवलेली कथा होती लेखक एकशे अठराची, नाव ‘तिच्या मुठीत’. एक साधा कारकून. त्याची बायको त्याला धाक घालून बायकी कपडे घालायला लावते आणि भागागणिक त्याची बाई करत नेते. या विभागात अशा कथा पुष्कळ येत. नवरा दर भागात नको नको म्हणायचा, बायको दर भागात त्याचं ऐकायची नाही, आणि वाचक पुढच्या भागाची वाट बघायचे.

संपादिका मुलीच्या वयाची होती. बोलायला गोड, कामाला घाई.

“काकू, एकशे अठराला एवढ्या शंका कशाला काढता? लोक काय मिशा मोजायला येत नाहीत.”

“लोक कशाला येतात ते मला माहीत आहे गं. पण सकाळची मिशी संध्याकाळी नसली की वाचणारा अडखळतो. अडखळला की उठून जातो.”

“बरं, पण भागाचा शेवट बदलायला नका लावू. शेवटी दार वाजलंच पाहिजे.”

“सहा भागांत सहा वेळा वाजलं. बाहेर कधी मांजर, कधी शेजारीण. सातव्यांदा मी तरी उघडणार नाही.”

संपादिका खळखळून हसली आणि तिने शंका पुढे पाठवल्या.

इतर लेखक शंकांवर चिडत. एकाने तर ‘तुम्ही शाळेत शिकवायला जा’ असं लिहिलं होतं. एकशे अठराचं उत्तर मात्र दुसऱ्याच दिवशी आलं. “मिशीचं लक्षात आलं नाही. चूक माझी. सोमवार सुट्टीचा करतो, दुपारी ती त्याला मिशी काढायला लावेल. मंगळवारी तो सर्दी झाली म्हणून तोंडाला रुमाल धरून बसेल.”

“किती दिवस?” बाईंनी विचारलं.

“मिशी येईपर्यंत.”

बाईंना हा माणूस आवडला. ऐकून घेणारा लेखक त्यांनी बावीस वर्षांत चारदोनच पाहिले होते.

मग त्या डोळ्यांत तेल घालून ‘तिच्या मुठीत’ तपासू लागल्या. व्याकरण त्याचं बरं होतं. बिघडलेली होती ती चाल. नको तिथे कथा पळायची आणि नको तिथे रुतून बसायची. सातव्या भागावर त्यांनी लिहिलं, “बायको ‘हे घाल’ म्हणाली आणि याने दोन ओळींत घातलं. माणूस एवढ्या लवकर हो म्हणत नाही. घरातला पुरुष तर नाहीच. आधी तो गप्प बसतो. मग भलत्याच विषयावर बोलतो. मग दोन दिवसांनी, जणू त्यालाच सुचलं असं दाखवून, ते करतो. गाडी पळवू नका.”

या शंकेचं उत्तर यायला एक दिवस जास्त लागला. एवढंच होतं, “बरोबर आहे. तुम्ही माणसं बघता.”

आठव्या भागात नायक पहिल्यांदाच उंच टाचांचे बूट घालून दोन मजले उतरला. “पाय मुरगळला कसा नाही?” बाईंनी लिहिलं. उत्तर आलं, “मग कठडा धरून, एकेका पायरीवर बसत उतरेल.” “असा उतरणारा पुरुष कधी पाहिलाय?” “पाहिलाय. पायरीवरची धूळ सगळी मागे लागते.”

बाई मोठ्याने हसल्या. नवरा समोर बुटांना पॉलिश करत बसला होता.

“काय झालं?”

“काही नाही. गाइडात एक गंमत होती.”

“गाइडात?” म्हणून तो पुन्हा ब्रश फिरवू लागला.

दिवसभराच्या कामात बाईंना आता ह्या देवाणघेवाणीची ओढ लागली होती. नवऱ्याशी त्यांचं बोलणं व्हायचं ते डबा, दूध, मुलीचा फोन एवढंच. त्यात वावगं असं काही नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या संसारात बोलण्यासारखं बोलून झालेलं असतं, असं त्यांना वाटायचं. इथे मात्र कोणीतरी त्यांचं प्रत्येक वाक्य उचलून, त्यावर विचार करून, परत पाठवत होतं.

नवव्या, दहाव्या आणि अकराव्या भागांवर त्यांनी एकत्रच लिहिलं. “तीन भाग एकच प्रसंग आहे. फक्त कपड्यांचा रंग बदलतो. आणि जिथे थांबायला हवं तिथे तुम्ही धावता. तो आरशात स्वतःकडे बघतो, तिथे दीड ओळ. तिथे थांबा. त्याला काय दिसलं ते सांगा.” मग थोडं थांबून त्यांनी मुख्य शंका लिहिली. गेला महिनाभर ती त्यांना खुपत होती.

“बायको अशी का वागते? भाग दोनमध्ये तो तापाने फणफणला तेव्हा ती तीन दिवस उशाशी बसून होती. भाग पाचमध्ये तीच त्याला शेजारणीसमोर उभं करून हसते. मधे काय घडलं? बाई उगीच राक्षसीण होत नाही.”

“वाचकांना अशीच बायको आवडते.”

“वाचकांचं राहू द्या. नायकाला काय हवंय? त्याला हे कपडे नकोत असं तुम्ही दर भागात दोनदा सांगता. पण कपडे त्याच्या हातात आले की तुमची भाषा सुधारते. शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा होत नाहीत. मला वाटतं त्याला हवंच आहे. मग बायकोला मधे कशाला घालता?”

चार दिवस उत्तर आलं नाही. बाईंना वाटलं, दुखावला. त्या चार दिवसांत घरातला गळका नळ दुरुस्त झाला, पंख्याची पाती पुसून झाली, माळ्यावरचे खोके उतरवून नीट लावले गेले. नवरा कधी नव्हे तो घरात हात लावतोय म्हणून बाई मनात सुखावल्याच.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. “तसं लिहिलं तर गोष्टच राहणार नाही.”

“तसं लिहिलं तरच राहील,” बाईंनी लिहिलं. पण लेखक शेवटी तो; त्याच्या गोष्टीवर आपला हक्क किती? म्हणून त्यांनी तडजोड सुचवली. “ती दुष्टच असायची असेल तर निदान माणूस असू द्या. नुसता आवाज चढवणारी नको. तिला दोनचार सवयी द्या.”

बाराव्या भागात बायकोला सवयी आल्या. विचार करताना ती दातांवर पेन आपटायची. दूध तापत ठेवून विसरायची. मनातून बिनसलं की तोंडाने ‘असू दे, असू दे’ म्हणायची. आणि हे सगळं करता करता नवऱ्याला अधिकच थंडपणे छळायची. बाईंनी तो भाग दोनदा वाचला. “आता ती दिसायला लागली,” त्यांनी शाबासकी दिली, आणि एक स्वल्पविराम मागे घेतला.

तेराव्यावर एकच शंका होती. “कपाट, कपडे सगळं मोघम आहे. ‘एक सुंदर झगा’ म्हणजे काय? नेमकं लिहा. वाचणाऱ्याला कपाट दिसलं पाहिजे.”

शुक्रवारी सकाळी नवरा कामाला गेल्यावर बाईंनी चौदावा भाग उघडला.

या भागात बायको घरात नव्हती. नायक एकटा होता आणि कोणीही त्याला काही करायला लावत नव्हतं. त्याने कपाटाचं डावं दार थोडं वर उचलून उघडलं, कारण न उचलता उघडलं तर ते किंचाळायचं. आत, जाड कोटाच्या मागे, एक हिरवा गाऊन होता. बायकोने तो फक्त तीन वेळा घातला होता. उजव्या बाहीच्या आत, मनगटापाशी, इस्त्रीने पडलेला पानाएवढा डाग होता. बायकोने त्यावर आतून अस्तराचा तुकडा लावला होता, आणि हिरवा दोरा संपल्यामुळे शेवटचे सहा टाके काळ्या दोऱ्याने घातले होते. नायकाने ते टाके बोटाने मोजले. सहा.

बाईंनी लॅपटॉप मिटला नाही. त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटाचं डावं दार वर उचलून उघडलं. कोट बाजूला केला. उजवी बाही उलटी केली. टाके मोजायची गरज नव्हती, ते त्यांनीच घातले होते. मुलीच्या शाळेच्या निरोप समारंभाला निघायच्या आधी, घाईघाईत. तो डाग त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. नवऱ्यालासुद्धा नाही. गाऊन महाग होता आणि जळाला ही चूक त्यांची होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. पण असा कळसा सापडला तर माणसाने काय करायचं, ते म्हणीत सांगितलेलं नाही.

संध्याकाळी तो नेहमीच्या वेळी आला, हात धुतले, चहा घेतला. बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर त्यांनी ‘तिच्या मुठीत’ पहिल्या भागापासून वाचायला घेतली, या वेळी शोधक म्हणून नाही, वाचक म्हणून. खालच्या प्रतिक्रिया त्यांनी पूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या. तो त्यांच्या कामाचा भाग नव्हता. बारा हजार लोक कथा वाचत होते. ‘बायको कसली डाकीण आहे राव!’ ‘अजून छळू दे.’ बाराव्या भागाखाली एकाने लिहिलं होतं, ‘दातावर पेन आपटते ते वाचून अंगावर काटा आला, अशा बायका असतात.’ बाईंच्या हातात पेन होतं. त्यांनी ते खाली ठेवलं.

रविवारी दुपारी नवरा वर्तमानपत्र पसरून पायाची नखं काढत बसला होता. बाईंनी हिरवा गाऊन आणून टेबलावर ठेवला.

“हा तुम्हाला लहान होतो की मोठा?”

त्याने अंगठ्याचं नख पूर्ण काढलं. मग पुढच्या बोटाचं. मग म्हणाला, “तो नळ पुन्हा गळायला लागलाय. वॉशर आणायला हवा.”

“लहान की मोठा?”

“खांद्यात अडतो,” तो म्हणाला.

“गोष्टीत तर बसतो.”

“गोष्टीत बसवला.”

एखाद्या दुसऱ्या दिवशी बाईंना याचं हसू आलं असतं. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

“कधीपासून?”

“लहान होतो तेव्हापासून. मधे सोडलं होतं. आपली मुलगी झाली तेव्हा पाच वर्षं हात नव्हता लावला.” तो वर्तमानपत्राची घडी घालत होता. नखं आत ठेवून, चार पदरी. “कोणी दुसरं नाही त्यात. तसलं काही नाही. नुसते कपडे. थोडा वेळ. मग परत ठेवून देतो.”

“आणि मला नाही सांगितलंत.”

“तू हसली असतीस.”

बाईंनी खरोखर विचार केला. खोटं बोलायची ही वेळ नव्हती. “हसले असते कदाचित. ओरडले असते. किंवा खांद्यातून सोडवून दिला असता. मला माहीत नाही. आणि आता मला ते कधीच कळणार नाही. मी काय केलं असतं, तेवढंसुद्धा तुम्ही माझ्यापाशी ठेवलं नाहीत.”

त्याने घडीची कड अंगठ्याने दाबली.

“मी तपासते, हे ठाऊक होतं?”

त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकीखाली कोणीतरी सायकलच्या टायरमध्ये हवा भरत होतं, तो फसफस आवाज वर येत होता.

“सातव्या भागापासून,” तो म्हणाला. “ते ‘आधी गप्प बसतो, मग भलतंच बोलतो’ वाचलं आणि कळलं. तू मुलीला फोनवर अगदी हेच सांगितलं होतंस. माझ्याबद्दल.”

“आणि तरी पाठवत राहिलात.”

“दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. मागे गोदामात बसून लिहायचो. तुझी शंका आली की...” त्याने नेलकटर मिटला. “तुझ्याशी बोलायला मिळायचं गं.”

“माझ्याशी? मी पलीकडच्या खोलीत होते.”

“समोर नसतं जमलं.”

“अहो, मला वाटलं जगात एक माणूस आहे, तो माझं ऐकून घेतो. मी त्याच्या उत्तराची वाट बघायचे. तुम्ही माझ्यासमोर बुटांना पॉलिश करत बसला होतात आणि मला विचारत होतात, ‘काय झालं’ म्हणून!” बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तुम्हाला माहीत होतं मी कशाला हसले ते.”

“तू पण गाइडं म्हणालीस,” तो हळूच बोलला.

“म्हणाले. लाज वाटली म्हणून खोटं बोलले. ते माझं चुकलं. पण मी कुठल्या गाइडात तुमची बदनामी नाही केली.” त्यांनी गाऊन स्वतःकडे ओढला. “ती बाई दातावर पेन आपटते. दूध विसरते. असू दे, असू दे म्हणते. मी तुम्हाला शाबासकी दिली! तिचे स्वल्पविराम मी माझ्या हाताने नीट केले. बारा हजार लोक तिला डाकीण म्हणतात. मी कधी छळलं तुम्हाला?”

“नाही.”

“एकदा तरी?”

“नाही गं. ती तू नव्हतीसच.”

“सवयी माझ्या, कपाट माझं, गाऊन माझा. दुष्टपणा तेवढा तुम्ही पदरचा घातलात. का, सांगू? तुम्हाला हवं होतं, पण मला हवंय असं तुम्हाला म्हणवेना. मग ते कोणीतरी तुमच्यावर लादायला हवं. घरात दुसरं होतं कोण? मिशी, टाचा, ते दर वेळी वाजणारं दार, ते सगळं चालून जातं. अख्ख्या गोष्टीत न पटणारं एकच होतं, आणि ते तुम्ही माझ्या माथी मारलंत.”

त्याने मान खाली घातली. तीस वर्षं वंगण आणि लोखंड हाताळलेले त्याचे रुंद हात वर्तमानपत्राच्या घडीवर तसेच पडून होते. बाईंना त्या हातांची दया आली, आणि दया आली याचाही राग आला.

“चौदाव्यात मी तिला काढलं,” तो म्हणाला. “चौदाव्यात ती घरातच नाही. मला वाटलं, तू वाचशील. तुला कळेल. मग मला सांगावं लागणार नाही.”

“म्हणजे तेसुद्धा मीच करायचं.”

बाई उठल्या आणि गाऊन पुन्हा कपाटात टांगून आल्या. फाडावा असं एकदा वाटलं होतं, पण गाऊनने काही केलं नव्हतं.

पुढचे चार दिवस डबा, दूध आणि नळ एवढ्यावर गेले. गुरुवारी दुपारी संपादिकेचा फोन आला. “काकू, एकशे अठराने घोळ घातलाय. तीस भागांचं ठरलं होतं आणि हा पंधराव्याला संपवतोय म्हणे. शेवटचा भाग पाठवलाय. वर लिहिलंय, शोधक नऊ यांनीच बघावा. तुम्ही जरा समजवा त्याला.”

“बघते,” बाई म्हणाल्या.

भाग लहान होता. नायक बायकोसमोर उभा राहतो आणि सांगतो की मला हे हवं होतं. तू कधीच जबरदस्ती केली नाहीस. मी तसं सांगत सुटलो कारण मला धीर नव्हता. सबंध परिच्छेदात एकही चूक नव्हती. नको तिथे धावणं नव्हतं, की रुतणं नव्हतं. बाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून पुसला. मग खाली पाहिलं. शेवटच्या चार ओळींत बायकोचे डोळे भरून येतात, ती हसते, त्याला जवळ घेते आणि स्वतःच्या हाताने त्याच्या पाठीवरचं बटण लावून देते. समाप्त.

बाईंनी चार ओळी पुन्हा वाचल्या. मग शंका लिहिली.

“त्याचं बोलणं पटलं. ती पटली नाही. दोन महिने तिला राक्षसीण केलंत आणि चार ओळींत देवी. तिला कोणी काही विचारलंच नाही. तिच्या वाटचं तुम्ही लिहू नका.”

उत्तर लगेच आलं. दोन ते चारचीच वेळ होती. “मग काय लिहू?”

“त्याच्या बोलण्यापाशी थांबा.”

त्याने ओळी काढल्या असाव्यात, कारण संध्याकाळी संपादिका पुन्हा वैतागून फोनवर आली. असा अर्धवट शेवट चालणार नाही, लोक शिव्या घालतील, म्हणून तिने त्या चार ओळी जुन्या प्रतीतून परत घातल्या होत्या. शनिवारी भाग प्रसिद्ध झाला. लोकांना शेवट फार आवडला. काहींनी मात्र बायको मवाळ झाल्याबद्दल नाराजी कळवली.

त्याच शनिवारी बाईंनी बॅग भरली. मुलगी दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात नोकरीला होती. नवरा दारात उभा होता.

“सोडायला येऊ?”

“नको.”

“कामाचं काय? लॅपटॉप?”

“परत पाठवून दिला.”

त्याला अजून काही बोलायचं होतं, तो दाराची कडी वर-खाली करत राहिला. बाईंनी जिन्याच्या तोंडाशी थांबून वाट पाहिली, अगदी मनापासून. मोजले नाहीत, पण दहाबारा श्वास तरी गेले असतील. मग खालून बस आल्याचा आवाज आला आणि त्या उतरल्या.

मुलीच्या इमारतीला मोठं फाटक होतं आणि फाटकाशी पहारेकऱ्याची टपरी. पहारेकरी म्हातारा होता, पण नियमाचा पक्का. त्याने नोंदवही पुढे सरकवली. मुलगी धावतच खाली आली, केस ओलेच.

“अगं आई, असं अचानक? बाबांशी भांडलीस की काय?”

“नाही गं. डोळ्यांना विश्रांती हवी होती.”

“कशाला ती गाइडं तपासत बसतेस! सोड ना.”

“सोडलं.”

“आणि बाबा? त्यांना एकट्यांना जमेल?”

“नळ सोडून सगळं जमतं त्यांना.”

मुलगी हसली. “बाबा म्हणजे ना, मला कधी कधी वाटतं, किती साधा माणूस आहे. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. पोटात काही राहत नाही त्यांच्या.”

बाई नोंदवहीत लिहीत होत्या. नाव. कुठून आलात. कोणाकडे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं, पहारेकरी कौतुकाने बघत होता.

“हो ना,” त्या म्हणाल्या. “बॅग जड आहे, एक बाजू धर.”

दोघी चार पावलं गेल्या असतील.

“बाई,” मागून पहारेकऱ्याने हाक मारली. वहीवर बोट ठेवून तो उभा होता. “हा एक रकाना राहिला. किती दिवस राहणार?”

बाई परत आल्या. दोरीला बांधलेलं पेन त्यांनी हातात घेतलं, रकान्यावर धरलं. पुसट छापलेल्या दोन रेघा आणि मधे कोरा कागद. मुलगी बॅग धरून थांबली होती. बाईंनी पेन पुन्हा वहीच्या खोबणीत नीट ठेवलं.

“तो राहू द्या,” त्या म्हणाल्या.